अहो आईंबरोबर खिंडीपर्यंत

ग्राहकाची हनुवटी डोळे तपासायच्या यंत्रावर टेकलेली होती आणि ती त्याला सांगत होती, "रस्त्याच्या शेवटी लाल छपराचं घर दिसतंय ना, त्याच्याकडेच बघत राहा," तेवढ्यात टेबलावरचा मोबाइल थरथरत, स्वतःच्याच अंगाने सरकत कडेला आला आणि पडायच्या आत तिने तो झेलला. स्क्रीनवर दोन शब्द होते: अहो आई. लग्नानंतरच्या पहिल्याच आठवड्यात तिने हे नाव फोनमध्ये भरलं होतं. स्वतःच्या आईच्या नंबरापुढे नुसतं 'आई', सासूच्या नंबरापुढे 'अहो आई', कारण हाक मारायची ती तशीच. पुढे घटस्फोट झाला, घर बदललं, दारावरची पाटी बदलली, दुकानाच्या कार्डावरचं आडनाव बदललं. हे दोन शब्द मात्र राहून गेले. काढायचे तर त्यांच्या जागी लिहायचं काय? माजी विद्यार्थी असतात, माजी अध्यक्ष असतात. माजी आई कशी असेल? आणि तसाही हा नंबर दोनेक वर्षांत एकदाही वाजला नव्हता, त्यामुळे फडताळात मागे सरकलेल्या भांड्यासारखा तो तिथे आहे हेच ती विसरली होती. आता तोच हातात थरथरत होता. कुणी गेलं की काय, हा पहिला विचार. आणि कुणी गेलं असेल तर आपल्याला कुठल्या नात्याने कळवताहेत, हा दुसरा.

"बूट आहेत का तुझ्याकडे?" पलीकडून आवाज आला. कशी आहेस नाही, काय चाललंय नाही. "चांगले, घोट्यापर्यंतचे?"

"आहेत," ती म्हणाली.

"मग ये. माझ्या मैत्रिणीने पाय मोडून घेतलाय. स्वतःच्या घरात, सपाट फरशीवर! डोंगरातल्या त्या राष्ट्रीय उद्यानात दोन खोल्या घेऊन ठेवल्यात, एक फुकट जाईल. शुक्रवारी सकाळी निघायचं."

"बरं," ती म्हणाली आणि फोन बंद झाला. 'बरं' हा शब्द आपल्याच तोंडातून आला यावर तिचा विश्वास बसेना.

"बाई, घर धूसर झालं," ग्राहक हनुवटी न हलवता म्हणाला.

"ते होतंच," ती म्हणाली, "परत स्पष्ट होईल."

त्यानंतरचे दिवस तिने लोकांच्या डोळ्यांचे नंबर काढण्यात आणि मनातल्या मनात नाही म्हणण्यात घालवले. डोळ्यांपुढे काचा बदलत ती विचारायची, हे बरं दिसतं की हे? आणि आतून तिलाच कुणी विचारायचं, जायचं बरं की न जायचं? कारण एक गोष्ट तिला माहीत होती. काही दिवसांपूर्वीच त्याचा, म्हणजे अहो आईंच्या मुलाचा, फोन आला होता. तो पुन्हा लग्न करत होता. दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं, म्हणाला होता, आणि शेवटी, "आईला अजून सांगितलं नाहीये, तू काही बोलू नकोस." तिला वाईट वाटलं नव्हतं. त्यांचं लग्न भांडून मोडलंच नव्हतं. ते हळूहळू बारीक होत गेलेल्या आवाजासारखं होतं, आणि एक दिवस दोघांनाही कळलं की बराच वेळ झाला, काहीच ऐकू येत नाहीये. पण आता त्याच्या आईबरोबर डोंगर चढायचा, तिच्या मागोमाग चालायचं, आणि पोटात हे ठेवायचं? आणि तिला मुळात बोलावलंय कशाला? समजूत घालायला? परत ये म्हणायला? की निरोप द्यायला? काही लोक निरोपसुद्धा व्यायामासारखा देतात, नीट, पूर्ण, घाम येईपर्यंत. अहो आई त्यातल्याच. शाळेत आयुष्यभर कवायत शिकवलेली बाई. ठेंगणी, रुंद, केस बारीक कापलेले, आणि चालणं असं की मागच्याने आपोआप रांग धरावी. लग्नानंतर पहिल्यांदा ती त्यांच्या घरी राहायला गेली तेव्हा सकाळी उठून बघते तर या बाई दिवाणखान्यात पाय भिंतीला लावून उलट्या उभ्या होत्या. त्याच अवस्थेत त्या म्हणाल्या होत्या, "चहा झाकून ठेवलाय. मला सून असायची सवय नाही, तुला सासू असायची नाही, दोघी मिळून शिकू." उलट्या चेहऱ्यावरचं ते हसू कपाळाच्या बाजूला वळलेलं होतं आणि ती गोंधळून उलट्या चेहऱ्यालाच वाकून नमस्कार करायला गेली होती. घटस्फोटाच्या वेळी मात्र त्या एक अक्षर बोलल्या नाहीत. तिच्या बाजूने नाही, मुलाच्या बाजूने नाही. शिट्टी विसरलेल्या पंचासारख्या मैदानाच्या कडेला उभ्या राहिल्या, आणि मग दिसेनाशा झाल्या.

शुक्रवारी बसमध्ये त्यांनी खिडकीची जागा घेतली, तिला सफरचंद दिलं आणि डोंगर दिसेपर्यंत झोपल्या. म्हातारपणी माणसं झोपेत लहान होतात असं म्हणतात. या झोपेतही सावधान उभ्या असल्यासारख्या दिसत होत्या. ती एकटीच बघत होती, शहर कसं सुटत जातं ते. गोदामं, मग शेतं, मग एकदम झाडांच्या काळ्या भिंती आणि त्यांच्यावर, ढग असेल असं वाटावं अशा उंचीवर, बर्फ. तिचे कान दडे बसून मोकळे झाले आणि त्याबरोबर मनातलंही काही थोडं सुटलं. सुट्टीवर आलोय आपण, तिला वाटलं. शाळेची सहल असावी तसा एक बावळट आनंद तिला झाला आणि तिने सफरचंदाचा मोठा लचका तोडला.

निवासाचे फोटो अहो आईंनी तिला पाठवले होते. लाकडी सज्जा, सज्ज्यासमोर शिखर, पलंगावर पांढरंशुभ्र दुलईचं वारूळ. प्रत्यक्षात दारातच ओल्या मोज्यांचा वास आला. पलीकडचा रस्ता दरड कोसळून बंद झाला होता, त्यामुळे आधीचे पाहुणे निघालेच नव्हते, आणि त्यात एक अख्खा गायकवृंद होता. जेवणघरात ते सगळे पांघरुणं लपेटून बसले होते आणि वेळ जात नाही म्हणून सूर लावत होते. व्यवस्थापक म्हणजे एक उंच, दुःखी माणूस होता. त्याचा स्वेटर उसवत चालला होता आणि बोलता बोलता तो स्वतःच त्याचा दोरा ओढत होता.

"दोन खोल्या होत्या आमच्या," अहो आई म्हणाल्या.

"होत्या," तो हळहळून म्हणाला. "फार चांगल्या होत्या."

"मग?"

"एक आहे. म्हणजे, बूट वाळवायची खोली आहे, तिच्यात पलंग टाकलाय. तोही एकच, दोघांचा. कुटुंब असेल तर देता येईल. नाहीतर एकीला पोटमाळ्यावर वरच्या पट्टीतल्या आवाजांबरोबर आणि एकीला तळघरात खालच्या पट्टीतल्या आवाजांबरोबर." त्याने जेवणघराकडे हात केला. "तुमचं दोघींचं नातं काय?"

हा प्रश्न इतक्या सरळपणे कुणी विचारला नव्हता. वकिलाने नाही, आईने नाही, तिने स्वतःही नाही. जेवणघरातला लांबलेला सूर तेवढ्यात तुटला, निदान तिला तसं वाटलं. ओळखीच्या, म्हणावं का? पूर्वीच्या? काही शब्द बोटांवरच्या अंगठीच्या वळासारखे असतात, अंगठी नसते आणि वळ असतो.

"सासू-सुना," अहो आई म्हणाल्या. जणू कुणी वेळ विचारली होती.

"अरे वा," व्यवस्थापकाचा चेहरा पहिल्यांदाच उजळला. "दोघीच? आणि मुलगा नाही आला?"

"त्याला चढ झेपत नाही," अहो आई म्हणाल्या आणि किल्ली घेऊन चालू लागल्या.

तिला हसू आलं ते थेट खोलीच्या दारापर्यंत पुरलं, आणि दार उघडल्यावर पुन्हा आलं. भिंतीभर खुंट्या, खुंट्यांना परक्या लोकांचे बूट उलटे टांगलेले, त्यांतून थेंब ठिबकताहेत. खिडकीतून पाण्याच्या टाकीचं पोट दिसत होतं. नळाला दोन तोट्या होत्या. एकीतून बर्फ वितळून येत होता आणि दुसरीतून नुसता खोकला. पलंग मधोमध खचलेला होता. दोघी दोन कडांवर बसल्या तर हळूहळू एकमेकींकडे घसरत आल्या आणि खांद्याला खांदा लागल्यावर थांबल्या. "या पलंगाची तक्रार करायला हवी," अहो आई म्हणाल्या, पण उठल्या नाहीत. त्यांच्या अंगाला अजून तोच साबणाचा वास होता. तिला तो इतका ओळखीचा वाटला की क्षणभर, कुठल्याही कारणाशिवाय, ती जुन्या घराच्या स्वयंपाकघरात उभी होती, हात पिठात, आणि मागून कुणीतरी तिच्या पाठीत बोट खुपसून म्हणत होतं, सरळ उभी राहा, पोक काढू नकोस. नवऱ्याचा वास आता आठवत नव्हता. त्याच्या आईचा आठवत होता. हे असं कसं, ती स्वतःशी म्हणाली, आपण नक्की कुणाला सोडून आलो? रात्री झोप कशी लागली ते विचारायलाच नको. त्या खड्ड्यात दोघी एका पिशवीतल्या दोन बटाट्यांसारख्या पडून राहिल्या आणि कूस बदलायची तर आधी परवानगी मागावी लागत होती.

सकाळी मात्र सगळं धुऊन पुसून ठेवल्यासारखं होतं. झाडांमधून वाट चढत गेली, पायाखाली सुयांसारखी पानं मऊ दबत होती, आणि अहो आई पुढे. वेग तोच जुना. ती मागून त्यांच्या पोटऱ्या बघत होती आणि हेवा करत होती. झाडं संपली, गवत लागलं. गवतात एका खडकावर मांजराएवढा गलेलठ्ठ एक प्राणी दोन पायांवर उभा राहिला आणि त्याने त्यांच्याकडे बघून खणखणीत शिट्टी मारली. अहो आई थबकल्या. मग तोंडात दोन बोटं घालून त्यांनी त्याला तशीच परत मारली. प्राणी खाली वाकला, वर आला, पुन्हा वाजवली. यांनी पुन्हा. "शिस्तीचा आहे," त्या समाधानाने म्हणाल्या, "माझ्या कुठल्याच तुकडीत असा नव्हता." ती पोट धरून हसली. हसता हसता तिला वाटलं, आत्ताच सांगून टाकावं. आई, तो लग्न करतोय. पण हवा इतकी पातळ आणि स्वच्छ होती की त्यात एवढं जड वाक्य टाकलं तर ते खालपर्यंत गडगडत जाईल असं वाटलं, आणि ती पुन्हा चढू लागली.

दगडांची चढण लागली तेव्हा तिच्या लक्षात आलं. आधी ते विचार म्हणून आलंच नाही, हाताच्या सवयीसारखं आलं, जसं ग्राहक दारातून आत येतानाच तिला कळतं की याला नीट दिसत नाही, हा घरचा जिनाही पायऱ्या मोजून उतरत असणार. अहो आई पाऊल टाकायच्या आधी काठीने जमीन चाचपत होत्या. मान किंचित डावीकडे वळवून उजवा डोळा पुढे आणत होत्या. दोनदा त्यांचं पाऊल दगडाच्या अलीकडेच पडलं, आणि दोन्ही वेळा त्यांनी लगेच वाकून बुटाची नाडी बांधली. बांधलेलीच होती ती. तिला आठवलं, बसमध्ये सफरचंद देताना त्यांचा हात तिच्या हातापासून थोडा बाजूला आला होता. म्हणजे झोपही कदाचित झोप नव्हती. बाहेर बघून काय करायचं, असं असेल. तिचं हसू कुठल्या कुठे गेलं.

खिंडीच्या जरा खाली वाट बर्फाच्या एका पट्ट्यावरून जात होती. फार रुंद नव्हता, लोकांनी चालून चालून मधे पायवाट दाबून ठेवली होती. पण त्याच वेळी खालून धुकं वर आलं, आणि बर्फ कुठे संपतो आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळेनासं झालं. अहो आई पुढे होत्या. त्या पट्ट्यावर चढल्या, थोडं चालल्या, आणि वाट उजवीकडे वळत होती तिथे सरळच निघाल्या, उताराकडे, ताठ मानेने, कवायतीत चालावं तशा.

"ए आई, थांब!"

आवाज तिचाच होता. पर्वताने तो उचलला आणि परत आणून दिला: थांब. अहो आई जागच्या जागी खिळल्या. तिला आपली पावलं बर्फात करकरताना ऐकू आली, श्वास ऐकू आला, आणि मग तिने त्यांचं मनगट धरलं. ज्या मनगटाने आयुष्यभर पोरांना दोरावर चढवलं ते तिच्या मुठीत एखाद्या पाखरासारखं धडधडत होतं.

"कुठला डोळा?" तिने विचारलं.

"डावा," त्या म्हणाल्या. "दूध सांडल्यासारखं दिसतं. उजवाही तसाच होत चाललाय. इथे तर सगळंच पांढरं झालं बघ एकदम. पाय ठेवायला जमीनच दिसेना."

"कधीपासून?"

"झालं बरेच दिवस."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत?"

"कुणाला सांगू?" त्या चिडून म्हणाल्या, आणि त्या चिडण्याने तिला इतकं हायसं वाटलं. "आमच्या घरातलं डोळ्यांचं माणूस निघून गेलं ना!"

तिने त्यांची हनुवटी धरली, चेहरा उजेडाकडे वळवला, वरच्या पापणीला अंगठा लावला आणि बघितलं. त्या पिटुकल्या काळ्या गोलात करडी साय धरलेली स्पष्ट दिसत होती. इतक्या जवळून तिने हा चेहरा कधी पाहिला नव्हता. भुवयांत एक पांढरा केस उभा राहिला होता, तोही सावधान. "डॉक्टरांना दाखवायला लागेल, पण मोतीबिंदूच दिसतोय," ती म्हणाली. "पिकलाय चांगला. जगबुडी नाहीये. ऑपरेशन होतं, दुसऱ्या दिवशी माणूस घरात हिंडतं."

"दुसऱ्या दिवशी?"

"वाकायचं नाही, उलटं उभं तर मुळीच राहायचं नाही. काही दिवस थेंब घालायला कुणीतरी लागेल."

"तू घालशील?"

"घालीन."

अहो आईंनी मान हलवली. मग एकदम, पाण्यात उडी मारावी तशा म्हणाल्या, "ऐक. तुला एक सांगायचंय, त्यासाठीच बोलावलं होतं, आणि कालपासून जीभ उचलत नाहीये. तो पुन्हा लग्न करतोय."

"माहीत आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यानेच. तुम्हाला सांगू नको म्हणाला."

"गाढव!" अहो आई ओरडल्या. "मला तर केव्हाच सांगितलं, वर म्हणाला, तुला सांगू नको! म्हणे, तिला त्रास होईल!"

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी कोण हसलं ते सांगता येणार नाही. बर्फाच्या पट्ट्यावर, धुक्यात, मनगट मुठीत तसंच धरून त्या हसत सुटल्या. अहो आईंना तर उभं राहवेना, त्या काठीवर वाकून हसत होत्या, आणि वर कुठेतरी खडकातून तो शिट्टीवाला किंवा त्याचा कुणी नातेवाईक रागावून वाजवत होता. तिला वाटलं, केवढं ओझं आपण दोघींनी वेगवेगळं वाहत आणलं, आणि ते एकच होतं, एकाच माणसाने दोघींच्या पिशव्यांत अर्धं अर्धं भरून दिलेलं. आता ते इथेच बर्फावर पडलं होतं आणि बघितलं तर फारसं मोठंही नव्हतं.

"ती मुलगी बरी आहे," डोळे पुसत अहो आई म्हणाल्या. "मी भेटलेय. माझ्याशी फार जपून बोलते. पण मी ठरवलं, आधी तुला सांगायचं. घरात नवीन माणूस यायचं तर जुन्याला उठवून जागा करतात, तसं मला करायचं नाही. मुलाने काय करायचं ते त्याचं तो बघेल. मी काही कुठल्या कागदावर सही केलेली नाही."

तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला आणि म्हणाली, "आता माझ्या मागे. मी पाय ठेवते तिथेच ठेवायचा. उजवा. आता डावा, जरा खाली. हां." आणि आयुष्यभर दुसऱ्यांना आज्ञा दिलेली ती बाई निमूटपणे उजवा, डावा करत तिच्या मागून आली. बर्फ संपला, दगड आले. खिंडीपर्यंत मग त्या अशाच गेल्या, तिच्या खांद्यावर त्यांचा पंजा, घट्ट, थोडा दुखेल इतका. वर वारा होता आणि पलीकडे धुक्याशिवाय काहीच दिसत नव्हतं. त्यांनी ब्रेडचे तुकडे खाल्ले, फ्लास्कमधला चहा अर्धा अर्धा घेतला आणि आलेल्या वाटेने उतरल्या.

"मघाशी मला काय म्हणून ओरडलीस?" उतरताना मधेच अहो आईंनी विचारलं.

"थांबा म्हणाले."

"थांबा नाही म्हणालीस," त्या म्हणाल्या, आणि चालत राहिल्या.

निवासात आल्या तर व्यवस्थापक दारातच उभा होता, स्वेटरची एक बाही जवळजवळ नव्हतीच. रस्ता मोकळा झाला होता, गायकवृंद निघून गेला होता. फोटोतल्या त्या दोन खोल्या आता रिकाम्या होत्या, त्यांनाच द्यायच्या होत्या. "अर्थात, तुम्हाला एकत्रच राहायचं असेल तर..." तो हळवेपणाने म्हणाला.

"अजिबात नाही," दोघी एका सुरात म्हणाल्या.

खोली खरंच चांगली होती. दुलईचं वारूळ होतं. सज्जाही होता, फक्त त्याच्या दाराला कुणीतरी रंग देताना ते चौकटीसकट रंगवून टाकलं होतं, त्यामुळे उघडत नव्हतं. तिने थोडी ओढाताण केली, मग नाद सोडला आणि शेजारची खिडकी उघडून कोपरांवर रेलली. पोटऱ्या ठणकत होत्या, गालांना ऊन लागलं होतं, आणि अंगभर एक सुस्त, लबाड सुख पसरलं होतं. एकटीची खोली. पाय पसरून झोपायचं. उद्याही चालायचं, सपाटीवरून, तळ्यापर्यंत. संध्याकाळचं धुकं विरत होतं आणि त्यातून शिखर हळूहळू वर येत होतं, आधी खांदा, मग मान, मग गुलाबी होत चाललेलं टोक. दुकानातल्या यंत्रात चित्र हलकेच स्पष्ट होतं तसं. ती ते बघत राहिली, आणि तिला जाणवलं की बराच वेळ आपण कशाचाच विचार करत नाही आहोत.

शेजारची खिडकी खाडकन उघडली. "माझ्या सज्ज्याचं दार उघडत नाहीये!"

"माझंही नाही," ती म्हणाली. "खिडकीतून बघा. समोर शिखर मोकळं झालंय. डावीकडे जरा उतरतं आहे, टोकावर ऊन आहे, गुलाबी. दिसतंय?"

"दिसतंय की," अहो आईंचं बारीक कापलेलं डोकं बाहेर आलं आणि समोर वळलं. "तुला किती दिसतात?"

"किती म्हणजे? एक."

"मला दोन," त्या विजयाने म्हणाल्या. "एक खरं आणि एक त्याच्या मागून डोकावतंय, तेही गुलाबी."

ती हसली. "मोतीबिंदूमुळे होतं तसं. ऑपरेशन झालं की एकच दिसेल."

"मग थांब जरा," अहो आई म्हणाल्या आणि खिडकीत नीट, दोन्ही कोपरं टेकून बसल्या. "दोन आहेत तोवर बघून घेते."